मळलेली वाट सोडून चालणारा माणूस

आमच्या थोरल्या चुलत्यांना गाव 'मेजर' म्हणायचं. निवृत्त झाले तेव्हा हुद्दा नायकाचा होता, पण सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस गावासाठी मेजरच असतो. आम्ही मुलं त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. घरापासून मळ्यापर्यंत बैलगाडीची चांगली मळलेली वाट होती, पण अण्णा त्या वाटेनं कधी जायचे नाहीत. बांधावरून, ढेकळांतून, वेळप्रसंगी उभ्या ज्वारीतून वाकडेतिकडे जायचे. पीक तुडवलं म्हणून भाऊबंदांशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं. "मेजरला चढलीय," एवढं बोलून लोक विषय मिटवायचे. संध्याकाळच्या वेळी ते खरंही असायचं. पण सकाळी सातला, पोटात चहाशिवाय काही नसतानाही ते तसेच चालायचे. ही गोष्ट घरातल्या कुणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही.

२०११ साली अण्णा गेले. यकृत निकामी झालं होतं. तेराव्याला त्यांच्या पलटणीतले एक जुने सोबती आले होते. ओसरीवर बसलो असताना मी सहज त्या खोडीचा विषय काढला, थोडं हसतच. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, जाफन्यात आम्ही पहिल्या महिन्यात काय शिकलो असू, तर मळलेल्या वाटेवर पाय ठेवायचा नाही. वाटेतच सुरुंग पेरलेले असायचे." मग सेक्शनमध्ये अण्णांच्या पुढे चालणाऱ्या दोघांचं काय झालं, तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

भारताची शांतिसेना जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेत उतरली आणि मार्च १९९० मध्ये परतली. ११०० हून अधिक जवान तिकडेच राहिले. परत आलेल्यांत अण्णा होते, धडधाकट, एकही ओरखडा नसलेले. गावानं स्वागत केलं. आणि मग पुढची वीस वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना दारुडा म्हटलं.

हा लेख अण्णांची कैफियत मांडण्यासाठी लिहीत नाही. माझं म्हणणं एकच आहे. युद्धातून आलेल्या माणसाच्या मनाची जखम आणि त्याची दारू या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या आहेत. घरात टाकल्या, दवाखान्यात टाकल्या, सरकारी नियमांत टाकल्या. जखमेच्या खात्यात सहानुभूती आहे, दारूच्या खात्यात फक्त शिक्षा आहे. माणूस मात्र एकच असतो.

या जखमेला आज सगळीकडे पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर ताण. अमेरिकेत मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत हे नाव १९८० साली आलं, तेही व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर. लक्षणं ऐकली की आपल्या ओळखीच्या कुणा ना कुणा फौजीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. घडलेला प्रसंग स्वप्नात पुन्हापुन्हा घडतो. त्याची आठवण करून देणारी माणसं, जागा, आवाज टाळले जातात. शरीर सदैव पहाऱ्यावर असतं, पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही, झोप मांजरासारखी. आणि एक बधिरपणा येतो. पोरीच्या लग्नात उभा असतो, पण तिथे नसतो.

अशा माणसाला दारू पहिल्या रात्री खरोखर उपयोगी पडते. हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर दारू वाढवते, त्यामुळे पहाऱ्यावरचं शरीर सैल पडतं. झोप लवकर लागते. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबली जाते, म्हणजे ज्या स्वप्नाची धास्ती असते ते तेवढ्यापुरतं लांबतं. महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसाच्या दृष्टीनं ही चैन नाही, औषध आहे. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी १९८५ साली ही गोष्ट नीट मांडली. त्यांच्या मते व्यसनाकडे वळलेला माणूस बहुधा आपल्यापरीनं स्वतःवर उपचारच करत असतो.

पण पहाटेकडे दारू उतरते तशी दाबलेली स्वप्नांची झोप दुपटीनं उसळते. मग तेच स्वप्न आणखी भडक होऊन येतं. घाम, धडधड, हात थरथरणं ही दारू उतरण्याची लक्षणं आणि भीतीची लक्षणं इतकी सारखी असतात, की शरीराला फरक कळत नाही. सकाळी तो कालच्यापेक्षा जास्त दचकणारा, जास्त चिडका माणूस असतो, म्हणून संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त लागते. त्यात आणखी एक नुकसान होतं आणि ते कुणाला दिसत नाही. भयंकर प्रसंग मनात हळूहळू जुना होत जातो, तो त्याला पुन्हापुन्हा सामोरं गेल्यानं, कुणाशी तरी बोलल्यानं. रोज संध्याकाळी त्यावर झाकण पडलं, तर तो जुना होतच नाही. अण्णांसाठी १९८८ हे साल २०१० मध्येही मागच्या आठवड्याइतकं ताजं होतं, असं आता मला वाटतं.

हे मी एका काकाच्या गोष्टीवरून सांगत नाही. अमेरिकी संसदेनं १९८० च्या दशकात कायदा करून व्हिएतनामच्या माजी सैनिकांची मोठी पाहणी करायला लावली. तिच्यात दिसलं, की तिथे लढायला गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाला आणि युद्ध संपून दहा-बारा वर्षं उलटल्यावरही १५ टक्के त्याच्याशी झुंजत होते. तिथलं माजी सैनिक खातं आज सांगतं, की व्यसनावर उपचार घ्यायला येणाऱ्या माजी सैनिकांपैकी जवळजवळ तिघांतल्या एकाला पीटीएसडी असतो.

ब्रिटनमधली गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. इराक आणि अफगाणिस्तानच्या काळातल्या सुमारे १० हजार ब्रिटिश सैनिकांचा लंडनच्या किंग्ज कॉलेजनं अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात पीटीएसडीची शक्यता ४ टक्क्यांत दिसली, तर घातक मद्यपान १३ टक्क्यांत. म्हणजे प्रत्येक पिणाऱ्या फौजीच्या मागे युद्धाची जखम असते असं नाही. फौजेत पिणं हा सोबतीचा, उत्सवाचा, कंटाळा घालवण्याचाही भाग असतो. आपल्याकडे बडा खाना म्हणजे पलटणीचं सामूहिक जेवण, थंडीच्या ठाण्यांवरची रम, मेसमधल्या रात्री यातून पंचविशीच्या आतच हात ग्लासाला सरावतो. मग एखाद्या दिवशी एखाद्या नाल्यात काही तरी घडतं आणि त्या रात्री नेमका तोच सरावाचा ग्लास जवळ असतो. सवय आधीची असते, कारण नंतर मिळतं. म्हणून 'आधी काय, दारू की जखम' हा वाद घालत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही एकदा एकमेकांत गुंतल्या की सोडवायच्या एकत्रच.

आणि आपण नेमकं हेच करत नाही.

अण्णांना घेऊन मी आणि माझा भाऊ एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. मनाच्या विभागात सांगितलं, आधी दारू थांबवा, मग बघू. व्यसनमुक्तीच्या विभागात सांगितलं, स्वप्नंबिप्नं पडतात ते मनाच्या डॉक्टरांना सांगा, इथे फक्त दारूचं. दोन खोल्यांच्या मधल्या बाकावर अण्णा बसून होते, पाठ भिंतीला लावून, दाराकडे तोंड करून. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. त्या वेळी बहुतेक ठिकाणी हीच पद्धत होती. जखम उकरली तर माणूस जास्त पिईल, ही भीती जगभरच्या डॉक्टरांना होती.

ती भीती अनाठायी आहे, हे आता तपासून झालंय. मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीटीएसडी आणि दारूचं अवलंबित्व दोन्ही असलेल्या १६५ जणांना गटांत विभागलं आणि एका गटावर दोन्ही उपचार एकाच वेळी करून पाहिले. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध आणि त्याच्या जोडीला प्रसंगाला टप्प्याटप्प्यानं सामोरं नेणारी मानसोपचाराची पद्धत. २०१३ साली निष्कर्ष आले. आघाताबद्दल बोलायला लावल्यानं पिणं वाढलं नाही. 'आधी दारू सोड, मग ये' हे वाक्य म्हणजे लंगडणाऱ्याला 'आधी नीट चाल, मग प्लास्टर घालू' असं सांगण्यासारखं आहे.

आता नियमांकडे वळते. सैनिकाला नोकरीमुळे अपंगत्व आलं तर पेन्शन मिळते, ते अपंगत्व नोकरीमुळे आलं किंवा नोकरीमुळे बळावलं एवढं ठरावं लागतं. यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सैनिकाच्या बाजूनं फार महत्त्वाचं सांगितलं. भरती होताना जो आजार नोंदलेला नव्हता, तो नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरायचं आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्यायचा. पण याच विषयावरच्या १९८२ च्या नियमांत एक कलम होतं, ते वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. त्याचा आशय असा, की दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण या गोष्टी त्या माणसाच्या स्वतःच्या ताब्यातल्या आहेत.

स्वतःच्या ताब्यातल्या! ज्याला झोप ताब्यात नाही, ज्याचे पाय वाट बघून आपोआप वळतात, त्याचा ग्लास तेवढा त्याच्या ताब्यात. आणि याच देशाच्या संसदेनं २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. नागरिकासाठी जो आजार, तो सैनिकासाठी दोष, हे कसं? प्रत्येक पिणाऱ्याला अपंगत्व पेन्शन द्या असं मी म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की दारूच्या मागे आघात आहे का हे तपासल्याशिवाय केवळ 'दारू' हा शब्द पाहून फाईल बंद करू नये. आघात असेल तर दारूला त्या आघाताचं लक्षण धरावं आणि ते नियमात स्पष्ट लिहावं.

कारण त्या कलमाची सावली नोकरीतल्या जवानावरही पडते. सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीत मानसिक क्षमतेचा वेगळा रकाना असतो. त्यात वर्ग खाली आला की बढती, कोर्स, नेमणूक सगळ्यावर परिणाम. जवानांच्या भाषेत 'कॅटेगरी लागली'. झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलं तर कॅटेगरी लागण्याची भीती, पिऊन झोपलं तर कुणी विचारत नाही. तिशीतल्या, घरी दोन मुलं असलेल्या हवालदारानं यातलं काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

निवृत्तीनंतर त्याला सवलतीच्या दरातली दारू मिळत राहते. लष्कराचं कँटीन खातं १९४८ साली सुरू झालं, हुद्द्याप्रमाणे महिन्याचा कोटा ठरलेला असतो. आमच्या घरात 'कोटा' हा शब्द रेशनइतकाच रुळलेला होता. लग्न निघालं, ग्रामपंचायतीची निवडणूक आली, की लोक घरी येऊन विचारायचे, "मेजर, कोटा उचलला का?" कोटा बंद करा असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला लागतेच तो गावातल्या देशीच्या दुकानात जाईल, आणि अण्णा शेवटी तिथेच जायचे. शिवाय लाखो माजी सैनिक ती बाटली घेतात आणि नेटानं संसार करतात. पण जी व्यवस्था हातात बाटली ठेवते, तिला त्या हाताची थरथर विचारण्याची जबाबदारी झटकता येणार नाही. महिन्यातून एकदा माजी सैनिक आपल्या पायांनी जिथे येतो, ते ठिकाण बहुधा कँटीनच असतं. त्याच आवारात एक खोली, एक समुपदेशक, शक्यतो स्वतः फौजेत राहिलेला, एवढं तरी करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेची मद्यपानाविषयीची प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे, आघाताची प्राथमिक चाचणी तेवढाही वेळ घेत नाही. दोन्ही एका बैठकीत होतात. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे दवाखाने २००३ पासून आहेत. तिथे रक्तदाब, साखर तपासतात, तसंच हेही तपासावं. निवृत्त होताना एकदाच नाही, वर्षानं, पाच वर्षांनी पुन्हा. ही जखम कधी कधी पेन्शनच्या शांततेतच तोंड वर काढते. पलटणीत असेपर्यंत दिवस भरलेला असतो, घरी आल्यावर रिकामी दुपार समोर येते.

महाराष्ट्राला यात शून्यातून सुरुवात करायची नाही. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, खास कक्ष सुरू झाला, टेलिमानसचा क्रमांक १४४१६. पुण्यातच १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलेलं. दारूड्याला आधी माणूस म्हणून बघायचं हे महाराष्ट्र तिथे शिकला. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. ही सगळी दारं आहेत, फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जायला वाट नाही. मुक्तांगणसारख्या केंद्रात दाखल होणाऱ्याला पहिल्याच दिवशी 'तुम्ही फौजेत होता का, कुठे होता' हे विचारलं जावं, आणि उत्तर होकारार्थी आलं तर पुढचा उपचार कुणाबरोबर जोडून करायचा हे आधीच ठरलेलं असावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं हे जोडकाम आपलं मानावं. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, त्याच्यासाठी यापेक्षा रास्त खर्च मला सुचत नाही.

एक दार मात्र अजून नाहीच. ते बायकांचं. सैनिकाला वीरमरण आलं तर पत्नी वीरपत्नी होते, गाव तिला मान देतं, आणि तो द्यायलाच हवा. पण ज्याचं शरीर परत आलं आणि बाकी तिकडेच राहिलं, त्याच्या बायकोला कोणतंच नाव नाही. आमच्या काकूंनी वीस वर्षं रात्री अण्णांना हाताला धरून कधी उठवलं नाही. पायाच्या बाजूला, चार हात लांब उभं राहून हाक मारायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतले अण्णा आणि श्रीलंकेनंतरचे अण्णा यांतला फरक जगात फक्त त्यांना माहीत होता, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. तपासणी करायची असेल तर बायकोला वेगळं बसवून बोलणं हा तिचा निम्मा भाग असला पाहिजे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत गेला. परत आलेल्यांनी स्वप्नात काय बघितलं याची नोंद कुठल्या दगडावर असायचं कारण नाही. पण त्यांची मुलं, नातवंडं त्या रात्रींच्या आवाजात वाढली. 'आजोबा तापट होते', 'वडील प्यायचे', असं म्हणून आपण जे सांगतो, त्यात एखादं युद्ध असू शकतं.

घाई करायला आणखी एक कारण आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. त्यांतला जास्तीत जास्त पाव हिस्सा कायम होणार आणि बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येणार. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. काश्मीरच्या डोंगरात एखाद्या रात्री जे घडायचं ते चार वर्षांच्या नोकरीतही घडू शकतं, पंधरा वर्षं थांबत नाही. कँटीनचा कोटाही त्यांना नाही, तेव्हा ते सरळ गावातल्या दुकानातूनच सुरुवात करतील. निदान मानसिक आघातावरच्या आणि व्यसनावरच्या उपचारापुरतं तरी त्यांना सैनिकी दवाखान्याचं दार आयुष्यभर उघडं ठेवा, ही मागणी आमदार-खासदारांनी आत्ताच लावून धरायला हवी. पोरं परत आल्यावर, त्यांना गावानं एकदा दारुडा ठरवल्यावर, फार उशीर झालेला असेल.

अण्णांचा त्या रुग्णालयातला केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, दारू किती वर्षं? अण्णा काही बोलले नाहीत. काकू मागून पुढे आल्या, पदर सावरत म्हणाल्या, "लंकेतनं आल्यापासनं." बाईंनी क्षणभर वर पाहिलं, मनात हिशेब केला आणि लिहिलं : 'दारू – २० वर्षे'.